तुम्ही विचारलंत म्हणून: एका वाक्याला आठ दिवस कशाला?

दर वर्षी पालकसभेत, आणि एरवी कॉलेज रोडवर भाजी घेताना गाठ पडली तरी, मला एकच प्रश्न विचारला जातो: "मॅडम, 'द मोर, द बेटर' या एका वाक्यरचनेला तुम्ही आठ दिवस का लावता? परीक्षेत त्यावर फार तर एक-दोन गुण असतात." काही जण हसून विचारतात, काही फी भरल्याच्या अधिकाराने विचारतात, आणि एका सहकारी शिक्षकांनी तर माझ्यादेखत मुलांना सांगितले की दोन्हीकडे 'द' लावा, त्यापुढे तुलनेचे रूप ठेवा, मध्ये स्वल्पविराम द्या, विषय संपला. आजवर मी "पाया पक्का व्हायला हवा" असे काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर अगदीच खोटे नव्हते, पण खरे कारण त्यात नव्हते.

सहकाऱ्यांचा नियम चुकीचा नाही. मीही पहिली काही वर्षे तो दहा मिनिटांतच शिकवत असे. मुले तो घडाघडा म्हणून दाखवतात आणि वहीत लिहितात: "ॲज मच यू विल स्टडी, दॅट मच मार्क्स यू विल गेट." हा निष्काळजीपणा नव्हे, ते अस्सल मराठी वाक्य आहे, फक्त शब्द इंग्रजी आहेत. "जितका अभ्यास कराल, तितके गुण मिळतील" हे वाक्य मुलाच्या मनात आधी पूर्ण तयार होते आणि मग तो ते एकेका शब्दाने इंग्रजीत उतरवतो. मराठीत 'कराल' आणि 'मिळतील' ही दोन्ही रूपे भविष्यकाळाची असल्यामुळे तो 'विल' दोनदा लिहितो, आणि 'इफ'च्या वाक्याप्रमाणेच येथेही इंग्रजी पहिल्या अर्ध्या भागात साधा वर्तमानकाळ ठेवते हे त्याच्या कानाला खटकत नाही. शिवाय मराठीत विशेषणाला तुलनेसाठी रूप बदलावे लागत नाही. "जितके लवकर निघाल तितके बरे" यातले 'बरे' जसेच्या तसे राहते. इंग्रजीत मात्र 'गुड' चालत नाही, 'बेटर'च लागते. रूप बदलायचे हे एकदा डोक्यात बसले की हीच मुले उत्साहाच्या भरात 'द मोर फास्टर' लिहू लागतात, ते वेगळेच.

परंतु खरी अडचण त्याहून खोल आहे. आपल्या 'जितका-तितका'कडे दोन कामे आहेत आणि ती वेगळी आहेत हे आपल्याला कधी जाणवतही नाही. "व्यक्ती तितक्या प्रकृती" म्हणताना आपण बरोबरी सांगतो: जेवढी माणसे, तेवढेच स्वभाव. "जितके लवकर तितके बरे" म्हणताना बरोबरीचा संबंध नसतो. एक गोष्ट वाढत गेली की दुसरी तिच्यामागोमाग वाढते, एवढेच म्हणायचे असते. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. पहिल्यासाठी 'ॲज मेनी ॲज', दुसऱ्यासाठी 'द मोर, द मोर'. मराठी माणूस इंग्रजी बोलताना घाईत बरोबरीचे दार उघडतो. मी ते कसे उघडले, हे सांगितल्याशिवाय आठ दिवसांचा हिशेब लागणार नाही.

2004 सालचा डिसेंबर होता. निफाड तालुक्यात आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, आणि त्या वर्षी माल निर्यातीला द्यायचे ठरले होते. निर्यातदारांनी इंग्लंडहून आलेल्या खरेदीदाराच्या तपासनिसाला बाग दाखवायला आणले. बागेत थिनिंग चालू होते. बाया कात्रीने घडातले मणी विरळ करत होत्या. मी तेव्हा नुकतीच इंग्रजी घेऊन एम. ए. झाले होते, त्यामुळे दुभाषी मीच होणार हे घरात कोणी ठरवण्याचीही गरज पडली नाही. पाहुण्याने विचारले की इतके चांगले मणी कापून का टाकता. वडिलांनी एक घड तळहातावर तोलून धरला आणि नेहमीच्या सावकाश पद्धतीने सांगितले: "घडात मणी जितके कमी ठेवू, तितका राहिलेला मणी मोठा होतो. पण फार कमी केले की वजन जाते. म्हणून हात कुठे थांबवायचा, ते वेल बघून ठरवावे लागते."

मी पहिले वाक्य उचलले आणि म्हणाले: "ॲज मच वी रिमूव्ह द बेरीज, दॅट मच दे विल बी बिग."

पाहुण्याने कान पुढे करून "सॉरी?" म्हटले. मला वाटले वाऱ्यामुळे ऐकू गेले नाही, म्हणून मी तेच वाक्य मोठ्याने, शब्द तोडून, पुन्हा म्हटले. त्याने क्षणभर घडाकडे पाहिले आणि विचारले की शंभरातले नव्याण्णव मणी काढले तर उरलेला एक फुटबॉलएवढा होईल का. निर्यातदारांचा माणूस मोठ्याने हसला. त्याला विनोद कळला होता असे मला आजही वाटत नाही, पण पाहुणा हसला म्हणून तो हसला. कात्री थांबवून बाया हसल्या. शेवटी, सगळे हसतात म्हणून, वडीलही हसले.

माझे कान तापले होते. वडिलांची उरलेली दोन वाक्ये, म्हणजे वजन जाते आणि हात कुठे थांबवायचा ही, मी सांगितलीच नाहीत. फुटबॉलच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या वाक्यांत होते. तीस वर्षे बाग केलेल्या माणसाचे नेमके, मर्यादेसकट सांगितलेले बोलणे माझ्या तोंडून अर्धवट आणि वेडगळ होऊन बाहेर पडले, आणि पाहुण्याने मण्याला आकार मोजायची 18 मिलिमीटरची रिंग लावून पुढचा प्रश्न विचारला. संध्याकाळी बांधावरून परतताना वडिलांनी विचारले, "मघाशी काय म्हणाले ते?" मी म्हणाले, "बाग छान राखली आहे म्हणाले."

आता तुम्ही म्हणाल की त्यात बिघडले काय. काहीच बिघडले नाही; माल गेला, पैसे आले. पाहुण्यालाही मी दोष देत नाही, कारण मी जे बोलले त्याचे त्याने सरळ उत्तर दिले: मी बरोबरीचे वाक्य केले होते, त्याने ती बरोबरी शेवटपर्यंत ताणून दाखवली. आणि माझे इंग्रजी कच्चे होते असेही समजू नका. शाळेत 'नो अदर', 'व्हेरी फ्यू' करून एका वाक्याची तीन रूपे करण्यात माझा एकही गुण गेला नव्हता. 'द मोर, द मेरिअर' मला पाठ होते. मात्र वडिलांचे वाक्य त्याच साच्यातले आहे, 'द फ्यूअर द बेरीज, द बिगर दे ग्रो' एवढे म्हटले की पुरे, हे त्या क्षणी मला ओळखता आले नाही. नियम येणे आणि नियमाची वेळ ओळखता येणे यांत जे अंतर आहे, त्यात माझे आठ दिवस जातात.

क्लास सुरू केला तेव्हा याचा धडा मी उलटाच घेतला होता. मराठीने घात केला, म्हणून वर्गात मराठी बंद. एका मराठी शब्दाला एक रुपया दंड. तेव्हाच्या माझ्याशी आता माझे पटत नाही. मुलांनी तोंडातली मराठी बंद केली, डोक्यातली चालूच राहिली, आणि चुका त्याच राहून मला त्यांचे कारण मात्र दिसेनासे झाले.

पुढे वाचनात आले की या रचनेतला 'द' हा 'द बुक'मधल्यासारखा उपपदाचे काम करत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाला आपल्या तृतीयेसारखे एक रूप होते, त्याचा हा वंशज आहे. 'ऑल द बेटर'मध्येही तोच आहे. हे वाचताना मला "तो माझ्यापेक्षा दोन इंचांनी उंच आहे" हे वाक्य आठवले. फरकाचे माप सांगताना आपणही तृतीयाच वापरतो. म्हणजे तो 'द' म्हणजे 'जितक्याने' आणि 'तितक्याने'. तेव्हापासून मी फळ्यावर नदी काढते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडावर गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागते, हे नाशिकच्या मुलाला सांगावे लागत नाही. विसर्ग मोजायचे क्युसेक आणि मारुतीची कंबर यांची बरोबरी होऊ शकत नाही, म्हणून 'ॲज मच' तेथे बसतच नाही. एक जितक्याने वाढते तितक्याने दुसरे चढते, म्हणून 'द मोर वॉटर दे रिलीज, द हायर द रिव्हर रायझेस'. 'वॉटर' हा शब्द 'मोर'ला चिकटून पुढे येतो, मागे क्रियापदाजवळ राहत नाही, हेही त्याच चित्रावर दाखवता येते. "व्यक्ती तितक्याने प्रकृती" असे म्हणून पाहायला सांगितले की मुले हसतात, आणि दोन कामांतला फरक त्या हसण्यातच कळतो.

येथे थांबले असते तर हा लेख माझ्या पद्धतीची जाहिरात झाला असता. तसे नाही. अंबडच्या एका कारखान्यात काम करणारा माझा जुना विद्यार्थी मागे भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमचे 'तितक्याने' आठवत बसलो की माझे वाक्य निघेपर्यंत मीटिंग पुढे गेलेली असते." याउलट एका मुलीला 'तितक्याने' कधीच कळले नाही, परंतु मालिका पाहून पाहून ती 'द सूनर, द बेटर' इतके सहज म्हणते की मला हेवा वाटतो. तेव्हा आठ दिवसांनी काय साधते याचे खात्रीचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि कदाचित मी मुलांना नव्हे, त्या बागेतल्या मुलीलाच शिकवत असेन, ही शंकाही मला आहे.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. 'ॲज मच, दॅट मच' हे वाक्य पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये, सातपूरच्या कार्यालयात, आपल्यातल्या आपल्यात सर्वांना बिनचूक समजते. कोणी फुटबॉल काढत नाही. मग ते चूक का म्हणायचे, असे गेल्या वर्षी एका मुलाने विचारले. मी त्याला बागेची गोष्ट सांगितली नाही. त्याच्या वहीत मात्र त्या वाक्यावर लाल शाई वापरली नाही. पेन्सिलीने खाली रेघ ओढली आणि समासात 'तपासनीस आला तर?' असे लिहून वही परत दिली.