चाळीस की तीस?

आज बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर. लेकीला आणायला विश्रामबागला गेलो, तर बाईसाहेब गेटबाहेर भडंगाच्या पुडीभोवती कोंडाळं करून उभ्या. तीन तास लिहूनही हात थांबेनात, प्रश्नपत्रिकेच्या मागं पेन चालूच.

वाद एका गणितावरून. फर्स्ट ऑर्डरची रिअ‍ॅक्शन ६० मिनिटांत ७५ टक्के होते, तर हाफ लाइफ, म्हणजे माल निम्मा व्हायला लागणारा वेळ, किती? एकीनं २.३०३, लॉग ४ असं सगळं मांडून अर्धं पान भरलेलं. उत्तर ३० मिनिटं. दुसरी म्हणाली, "अगं, ७५ टक्के झाली म्हणजे २५ उरले. १०० चे ५०, ५० चे २५. दोन हाफ लाइफ म्हणजे ६०. एका ओळीत सुटतंय की!" अर्धं पानवाली बघतच राहिली. (पायऱ्यांचे मार्क असतात, हे मी मनातच ठेवलं.)

एक पोरगा कडेला गप्प. त्याचं ४० आलेलं. ७५ ला ६०, तर ५० ला ४०, सरळ त्रैराशिक. पण इथं माल संपत येईल तसा वेगही मंदावतो, त्रैराशिक कुठलं चालायला! त्यानं पुडीतला शेंगदाणा उचलला आणि परत पुडीतच टाकला.

मग दुसऱ्या प्रश्नावरून, निकेल सायनाइडचं हायब्रिडायझेशन डीएसपी टू की एसपी थ्री, असं सुरू झालं, तेव्हा मी हॉर्न वाजवला.

शंभर फुटी रस्त्याला लागल्यावर मागनं आवाज आला, "पप्पा, माझंपण ४०च आलंय. तिथं बोलले नाही."

"भडंग घ्यायचं का अजून?"

"घ्या. तिखट."