कापसाचं पोतं

माझ्या पहिल्या एकल चित्रप्रदर्शनात सत्तावीस चित्रं होती. पाच विकली गेली. आणि त्यातल्या सगळ्यांत महाग चित्रासमोर उभा राहून एक जण म्हणाला, "ताई, ह्या पोत्यात काय कापूस भरलाय काय?"

त्याच्याकडं येतेच. आधी माझं सांगते. मी कुठल्या कला महाविद्यालयात शिकलेली नाही, बी.कॉम. आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्या दुकानात, सोळा वर्षं पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिते. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा, हातात किती. चुकलेल्या पट्टीची मागची बाजू कोरी असते. माझी निम्मी स्केचं त्याच्यावरच आहेत, एकात तर हमालाच्या पायाखालून कार्बनचे आकडे दिसतात.

विषय अर्थातच हळद. खरेदीदार ढिगातून हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो आणि आतला रंग बघतो. बाहेरून पॉलिश कितीही करा, भाव आतल्या रंगावर. तो आतला रंग कागदावर आणायला मला चार वर्षं लागली. तयार पिवळा लावला की लिंबू दिसायचं. शेवटी यलो ऑकरचा पातळ हात, तो पूर्ण वाळल्यावर वर गँबोज, आणि अगदी मधे बर्न्ट सिएनाचा एक थेंब, असं जमलं.

त्याआधी एक शहाणपणा करून झाला होता. म्हटलं, हळदीनंच हळद का रंगवू नये? डिंकाच्या पाण्यात हळद कालवली, थोडा चुना घालून कुंकवासारखा लाल काढला आणि सौद्याचं मोठं चित्र केलं. इतकं खूश होते की फ्रेम करून स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी लावलं. उन्हाळा संपेपर्यंत माणसं फिकट झाली, मग ढीग गेले, राहिली ती पेन्सिल. आई म्हणाली, "मला विचारायचं तरी. साडीवरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकून घालवतो की नाही?" बरोबरच होतं. ते चित्रही मी प्रदर्शनात लावलं, 'हळद, हळदीत' असं नाव देऊन. लोकांना वाटलं अपुरं राहिलंय.

प्रदर्शन करायचं ठरल्यावर पहिला धक्का फ्रेमचा. चित्राला रंग-कागद मिळून जेवढे पैसे लागतात त्याच्या पाचपट माउंट, काच आणि फ्रेमच्या पट्टीला. सत्तावीस फ्रेमांत माझा दिवाळीचा बोनस आणि भिशी दोन्ही गेलं. अडतीच्या मालकांनी हॉलच्या भाड्याला हातभार लावला, बदल्यात पत्रिकेवर दुकानाचं नाव टाकू म्हटलं तर म्हणाले, "नको, मग सगळे व्यापारी म्हणतील हा आता चित्रं पण अडतीवर विकायला लागला."

दुसरी अडचण टांगायची. हॉल गावभागातला, जुना, भिंतीला खिळा मारायचा नाही. वरच्या पट्टीवरून नायलॉनची दोरी सोडायची. आता किती उंचीवर? यासाठी एका रविवारी एसटीनं औंधला गेले, तिथल्या संग्रहालयात चित्रं कशी टांगलीत ते बघायला. शाळेच्या सहलीत गेले होते, तेव्हाचा फक्त डबा आठवतोय. श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालचं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे स्वतः चित्रं काढणारा राजा, म्हणून राजा रविवर्म्यापासून चित्रकार धुरंधरांपर्यंत सगळं तिथं डोंगरावर नेऊन ठेवलं, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात बसलंय. मी मात्र त्या दिवशी चित्रं कमी आणि दोऱ्या जास्त बघितल्या. घरी येऊन ठरवलं, चित्राचा मध्य आपल्या डोळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांसमोर म्हणजे पाच फुटांच्या आतच, कारण मी बुटकी आहे. उंच लोकांनी वाकावं.

उद्घाटन, नारळ, शाल, भाषणं हे सगळं झालं. एका सरांनी 'रचनेतला तोल' असं तीन वेळा म्हटलं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचं चित्र, म्हणजे जमिनीत हळद साठवायच्या खड्ड्याचं वरून दिसणारं काळं तोंड, ते कुणी फारसं बघितलं नाही. २००५ च्या पुरात ती पेवं खराब झाली, पोरांना आता ती काय असतात हेही माहीत नाही. एका मुलानं विचारलं, "ही विहीर आहे का?" मला अजूनही ते माझं सगळ्यांत चांगलं चित्र वाटतं.

महाग चित्र वेगळं. पाठीवर पोतं घेतलेला हमाल, मागं पिवळा ढीग, बावीस बाय तीस इंच. पहिल्याच संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतलं. मी 'विकलं' म्हणून लाल टिकली चिकटवली, टिकल्यांचं पाकीट घरूनच आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी यार्ड बंद, म्हणून आमचे हमाल आले. सहा जण, धुतलेल्या शर्टात, चपला दारात काढून. नको म्हटलं तरी काढल्याच. बराच वेळ कुणी काही बोलेना. मग त्यातले सगळ्यांत वयस्कर, त्यांना आम्ही मामा म्हणतो, ते कापसाचं बोलले. सगळे हसले. मीही हसले, मग विचारलं, असं का?

"ह्यो गडी समोर बघतोय बघा. पोत्याखालचा माणूस समोर बघतोय व्हय? त्याला म्होरची दोन हात जमीन दिसती, बास. मान वर केली की पोतं मागं वडतंय." मग थांबून, जरा संकोचानं, "चेहरा मातूर झ्याक काढलाय."

चेहरा दिसावा म्हणूनच मी मान वर केली होती. सोळा वर्षं रोज तेच बघत होते आणि काढताना खोटं काढलं. वॉटरकलर खोडताही येत नाही. रात्री डॉक्टरीणबाईंना फोन केला, म्हटलं चित्रात चूक आहे, पैसे परत देते किंवा दुसरं करून देते. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला रंग आवडला, हॉलमधल्या सोफ्याला जातोय." चित्र गेलं. पैसे मी ठेवले, फ्रेमवाल्याचं देणं होतं.

सोमवारी दुपारी पट्ट्या संपल्यावर मामांना विचारलं, एक पोतं घेऊन जरा उभं राहाल का? ते म्हणाले, "उभं न्हाई जमायचं ताई, उभं राहिलं की जास्त जड हुतंय. चालताना काढा."

मग मी पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन बाजूनं चालले. मान, खांद्याचा कोन, डावं पाऊल, एवढंच झालं, तोवर पोतं ट्रकमध्ये. "झालं का?" नाही म्हटलं. ते पुढचं आणायला वळले.