तुम्ही विचारलंत म्हणून : पोरांच्या मिशन ट्रिपमध्ये आई-बापाचं काय काम?

रविवारची उपासना सुटली की कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या आवारात कुणी ना कुणी गाठतंच. "ताई, तुम्ही दोघं मुलांबरोबर आफ्रिकेला गेला होता म्हणे. आमची पोरं पण चला म्हणत्यात. या वयात जावं का?" गल्लीतल्या शेजारणींचा प्रश्न निराळा असतो. "पोरांनी फिरायला नेलं होतं, का धर्माच्या कामाला?"

शेजारणींचं आधी उरकते. आम्ही केनियाला गेलो होतो. तिथं शंभरातले ऐंशीहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. आम्ही जाऊन कुणाला काय सांगणार? रविवारी त्यांची उपासना आपल्या दुपटीनं चालते आणि गाणी म्हणताना कुणी बसून राहत नाही. आम्हीच तिथं शिकाऊ होतो. व्हिक्टोरिया तलावाकाठच्या किसुमू शहराच्या पुढं मिशनचं एक हॉस्पिटल आहे, तिथं काम होतं. मुलगी नर्स, धाकटा फिजिओथेरपीवाला, दोघंही पुण्याच्या त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, टीममधून जातात. त्या वर्षी टीमची पुढारी मुलगी होती.

आता खरा प्रश्न. आई-बापानं जावं का? माझं उत्तर लोकांना जरा कडू लागतं. तिथल्या लोकांना तुमच्या हाताचं काम हवं असेल आणि पोटच्या पोरीचा हुकूम तुम्हाला ऐकता येत असेल, तर जा. यातलं एक जरी जमत नसेल, तर प्रार्थना करायला घरचा पाट काय वाईट आहे?

हे मी कुठून बोलते ते सांगते. आपण मिशनच्या घेणाऱ्या बाजूला वाढलेली माणसं. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, त्यांच्या पत्नीच्या नावाचा दवाखाना आपल्या गावात आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल या कामांवर पेटली. माझी आई एका मिशनच्या दवाखान्यात कापडखात्यात होती. चादरी, डॉक्टरांचे गाऊन, ऑपरेशनचे होल टॉवेल, सगळं तिथंच शिवायचं. थंडीच्या दिवसांत परदेशी पाहुणे यायचे, कधी एखाद्या डॉक्टरचे आई-वडीलही असायचे. आईच्या हिशेबी पाहुण्यांच्या दोनच जाती. एक यायची आणि विचारायची, काय करू? दुसरीला पाणी उकळून द्या, पन्हाळा दाखवा, ऊन लागलं की लिंबू-सरबत द्या. दुसऱ्या जातीचा मुक्काम हलला की कापडखात्यात दोन दिवस जास्तीची धुलाई पडायची. माणसं वाईट नव्हती हो, पण त्यांच्या येण्यानं काम वाढायचं.

आणि आई-मुलीची जोडी कोल्हापूरला नवी नाही. वायल्डर साहेब 1887 साली अमेरिकेत वारले. त्यांची मुलगी ग्रेस नंतर आईला बरोबर घेऊन पुन्हा इकडेच कामाला आली. पण त्या माउलीनं नवऱ्याबरोबर इथंच उमेदीची वर्षं काढली होती. तिला इथलं सगळं ठाऊक होतं, मुलीची सोबत एवढ्यावर तिचं येणं अडलेलं नव्हतं. आपल्याला असा आधार नसतो. म्हणून मुलगी "चला" म्हणाली तेव्हा मी आधी विचारलं, त्यांनी काय मागितलंय?

त्यांनी मागितलेलं फार साधं होतं. कॉटांची आणि व्हीलचेअरची दुरुस्ती करणारं कुणीतरी, आणि शिवणखात्यात महिनाभर खोळंबलेलं काम. आमचे हे शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्सला होते, निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. मी आईकडून शिकलेली. म्हणजे तिथं आमच्यासाठी जागा होती. तेव्हाच हो म्हटलं.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण यावर लोक फार अडतात. केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस लागते, ती प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी घ्यायला हवी. तिचं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून वेगळं ठेवतात. ती लस एकदा घेतली की आता जन्माला पुरते. पण साठी ओलांडलेल्यांना पहिल्यांदाच घ्यायची असेल तर धोका थोडा जास्त असतो. तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणानं सगळं सांगा, ते नको म्हणाले तर नको. तलावाकाठचा तो भाग मलेरियाचा, त्याच्या गोळ्या आधीपासून सुरू करायच्या, आणि काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. ह्यांची साखरेची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवली. कागदोपत्री जाण्याचं कारण खरं लिहा, पर्यटक म्हणून घुसून काम करू नका. परवानगीचं तिथल्या हॉस्पिटलला बघू द्या.

पैशाचं टोचून विचारतात. "तेवढी तिकिटं काढण्यापेक्षा पैसेच पाठवले असते तर?" प्रश्न रास्त आहे. आम्ही मंडळीच्या वर्गणीतला एक रुपया घेतला नाही, ह्यांच्या फंडातनं गेलो. तरीही, नुसती हवा खायला गेलो असतो तर पैसे पाठवणंच बरं होतं, असं मी आजही म्हणते.

आता हुकमाचं. हा खरा कठीण भाग. रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलगी वही काढायची आणि कोण कुठं ते वाचायची. "पप्पा, मेल वॉर्ड, मागची ओळ. परवानगीशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. फोटो नाहीत. कुणाला हातात पैसे द्यायचे नाहीत." चाळीस माणसं हाताखाली राबवलेला माणूस हे ऐकून घेत उभा. पहिले दोन-तीन दिवस ह्यांच्या कपाळाची शीर उडायची. एकदा ह्यांनी पाण्याची मोटर बघितली आणि ती खोलायला बसणार, तर पोरगी म्हणाली, "मोटर त्यांच्या माणसाची आहे. त्यानं बोलावलं तर जा." हे तोंडातल्या तोंडात पुटपुटले. चौथ्या दिवशी तो माणूस आपण होऊन आला, ओतारा नावाचा. मग दोघं जमिनीवर मांडी घालून बसले, मध्ये फाटका कपडा, त्यावर बेअरिंग. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. तो बोट दाखवायचा, हे मान हलवायचे, नाहीतर कपाळाला हात लावायचे. दुपारी मोटर चालली.

ह्यांना तेव्हा कळलं, असं मी म्हणणार नाही. नंतरही पोरीशी कुरबुर होतीच. पण हात घालण्याआधी विचारायची सवय लागली, तेवढं पुरे.

माझं काम शांत होतं. पायाची शिलाई मशीन, खिडकीजवळ. हिरव्या कापडाला मधोमध गोल कातरून होल टॉवेल करायचे, काठ दोनदा दुमडून शिवायचा. काठ पक्का नसला तर कापड निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमधल्या वाफेत उसवतो आणि सुतं जखमेत जातात. हे आई म्हणायची, आणि तिथली मुख्य बाईही तेच म्हणाली. बाहेर बाकावर वॉर्डातल्या पेशंटच्या आया बसलेल्या असत. माझं पांढरं डोकं बघून त्या आत येऊन बसायच्या. मुलगी नर्सेसमध्ये वावरताना दिसली की मी तिच्याकडे बोट दाखवून "माझी" म्हणायची. मग त्याही आपल्या लेकरांकडे बोट दाखवायच्या. तरुण टीमला हे जमलं नसतं असं नाही, पण त्यांना बसायला वेळच नव्हता.

"पुन्हा जाणार का?" हा शेवटचा प्रश्न. मुलगी फेब्रुवारीत जातेय. तिनं या खेपेला आम्हाला विचारलं नाही. हॉस्पिटलनं दातांचे डॉक्टर मागितलेत, शिवणखात्यात आता दोन बायका आहेत. आम्ही रुसलो नाही. स्ट्रेचरच्या चाकांचं एक माप तिकडं मिळत नाही, म्हणून हे परवा उद्यमनगरात जाऊन डझनभर घेऊन आलेत. आता पोरीच्या बॅगेत वजन बसतं का, यावरनं दोघांची फोनवर घासाघीस चाललीय.