एक्स-रेच्या पट्ट्या आणि दहा इंची वूफर

भुसावळच्या भंगारवाल्यानं त्या दोन्ही स्पीकरच्या पेट्या किलोच्या भावानं दिल्या. जाळीचं कापड फाटलेलं, पण मागच्या लेबलवर 'एआर-२एएक्स' वाचता येत होतं. आई दारातच म्हणाली, "हाई भंगार कसाले लई उना रे?"

आईला काय सांगणार? घुमणारा ठेका हवा तर कपाटाएवढी पेटी, असा काळ होता. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पेटी पूर्ण बंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. पेटी शेल्फवर मावायला लागली. त्यांच्या कंपनीच्या, म्हणजे अकूस्टिक रिसर्चच्या, जुन्या एआरवर हौशी मंडळी जीव टाकतात ते यासाठी.

पण हवाबंदपणाच गेलेला. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोट लावताच काळ्या चिकट भुकटीसारखा हातात आला. फोम असाच, पंधरा-वीस वर्षांत मरतो; हलून आवाज काढणारा कागदी कोन मात्र ठणठणीत. मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून दहा इंची फोम मागवला आणि भर मे महिन्यात, दुपारी, रबर सोल्युशननं चिकटवायला बसलो. शुद्ध मूर्खपणा! जळगावच्या त्या उन्हात कोन मध्यावर आणेपर्यंत सोल्युशन सुकलंसुद्धा. गाणं लावलं तर कोनामागची तारेची कॉइल घासून खरखर. फोम पुन्हा सोलला. हळहळ वाटली, पैशांची जास्त.

दुसऱ्यांदा रात्री बसलो. मधली टोपी ब्लेडनं अलगद उचलली. वडिलांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून कॉइलभोवतीच्या फटीत चार बाजूंनी खोचल्या, म्हणजे कॉइल हलूच शकत नाही. मग पांढरा गोंद, जो निवांत सुकतो. सकाळी पट्ट्या काढल्या, टोपी बसवली आणि दीड व्होल्टचा सेल टेकवला. धन टोकाला धन लावलं की कोन बाहेर यायला हवा. आला. खरखर नाही.

बारीक सुरांचे छोटे स्पीकर, ट्वीटर, मात्र मुके. ते जळाले असणार म्हणून मी नाद सोडत होतो, पण दोष निघाला मागच्या आवाज कमीजास्त करायच्या बटणांत. उघडली तर आत हिरवं किटण. व्हिनेगर, बारीक पॉलिश पेपर, तासभर घासणं. वाळलेले कॅपॅसिटरही बदलले, ते काम सोपं होतं.

पेटी बंद करून वूफर दोन्ही हातांनी हलकेच दाबला नि सोडला. तो चटकन उसळला नाही. आतली हवा त्याला सावकाश, जडशा गतीनं जागेवर आणत राहिली. मी तीन-चारदा दाबून पाहिला, उगीचच.

संध्याकाळी आकाशवाणी जळगाव लावलं. आई भाकरी थापता थापता थांबली, "हाई त्याच डब्बामांनं शे का?" म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली. डाव्या पेटीचं बटण अजून अधूनमधून रुसतं. मागे हात घालून जरा फिरवलं की बोलतं.