अर्धवट राहिलेल्या बॉक्सर्सची वही: चार महिने, १९ फाइट्स

मंडळी, वही सुरू करून चार महिने झाले आणि परवा रात्री १९ वी फाइट लिहून झाली. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, ज्यांच्या हातात सगळं होतं पण व्यसनाने नाहीतर डोक्याच्या आजाराने नाहीतर लहानपणीच्या घावांनी ज्यांचं करिअर मधेच तुटलं अशा बॉक्सर्सच्या जुन्या फाइट्स मी आवाज बंद करून बघतो, दर राउंडनंतर व्हिडिओ थांबवून टेन-पॉइंटने (राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा कमी) मार्क देतो आणि बाजूला काय दिसलं ते लिहितो. आवाज बंद, कारण कॉमेंट्री ऐकली की मार्क तिकडेच झुकतात, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

वहीत शेवटचा रकाना आहे, "बिघाड कुठे दिसतो". मला खरंच वाटलं होतं की नीट बघितलं तर पुढे जे झालं त्याची खूण रिंगमधे सापडेल, कुठेतरी पाय जड झालेला, कुठेतरी लक्ष उडालेलं. १९ पैकी १६ फाइट्समधे तो रकाना कोरा आहे.

या महिन्यातला सगळ्यात जास्त वेळ एरन प्रायरवर गेला. १२ नोव्हेंबर १९८२, मायामीचं ऑरेंज बोल, समोर अलेक्सिस अर्ग्वेयो. पहिल्या राउंडपासून प्रायर असा तुटून पडतो की मी दोन वेळा मागे जाऊन बघितलं, आणि अर्ग्वेयो शांतपणे उजव्या हाताची वाट बघत उभा. १३ व्या राउंडमधे तो उजवा बसतो. सरळ, पूर्ण ताकदीचा, प्रायरचं डोकं मागे फेकलं जातं आणि बघणाऱ्याला वाटतं संपलं, आणि हा माणूस पुढेच चालत येतो. मग कॉर्नरमधला तो ब्रेक, जिथे ट्रेनर पनामा लुइस स्वतः मिसळलेली बाटली मागतो (एवढ्यासाठी मी आवाज चालू केला), आणि १४ व्या राउंडमधे प्रायर अर्ग्वेयोला दोरांना टेकवून असा मारतो की रेफरी क्रिस्टोडूलूला मधे पडून फाइट थांबवावी लागते. बाटलीत काय होतं ते कधीच सिद्ध झालं नाही, फाइटनंतर लघवीची टेस्टसुद्धा झाली नाही. पण याच पनामा लुइसने पुढच्या वर्षी आपल्या दुसऱ्या बॉक्सरच्या, लुइस रेस्टोच्या, ग्लव्ह्जमधलं पॅडिंग काढलं, ते नंतर सिद्ध झालं आणि तो जेलमधे गेला, त्यामुळे ती बाटली काही डोक्यातून जात नाही. मला राग येतो तो याचा, की या एका माणसामुळे प्रायरच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीवर कायमचा डाग राहिला.

सप्टेंबर १९८३ ची रीमॅचही त्याने १० व्या राउंडमधे जिंकली. नंतर कोकेन. वर्षाला एखादी फाइट, मग तीही नाही, टायटल काढून घेतलं, आणि १९८७ मधे बॉबी जो यंगकडून सातव्या राउंडमधे हार, करिअरच्या ३९-१ (३९ विजय, १ हार) मधला तो १. ही फाइट बघवत नाही खरं सांगतो. पाय तेच करायला बघतात पण अर्धा सेकंद उशिरा, डोळाही गेलेला. रकान्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं ते इथे. पण प्रायर त्यातून बाहेर आला, नशा सुटली, चर्चचं काम करायला लागला, अर्ग्वेयोशी घट्ट मैत्री झाली, २०१६ ला गेला. हेही वहीत लिहिलंय, कारण नुसतं "कोकेनने संपला" लिहिणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा आयके इबेआबुची. ७ जून १९९७, सॅक्रामेंटो, समोर डेव्हिड टुआ. दोघांनी मिळून १,७३० पंच फेकले, तेव्हाचा हेवीवेट रेकॉर्ड, त्यातले ९७५ एकट्या आयकेचे. मी आजीचं जपाचं बोटातलं काउंटर मागून घेतलं आणि शेवटचा राउंड मोजायला बसलो, दोन वेळा मोजला, दोन वेळा वेगळा आकडा, अंगठा दुखायला लागला आणि हे दोघं काही थांबेनात. एवढ्या वजनाची माणसं १२ व्या राउंडलाही अशी! काही महिन्यांतच आयकेने जुन्या मैत्रिणीच्या १५ वर्षांच्या मुलाला गाडीत घालून ती काँक्रीटच्या खांबावर घातली, मुलगा कायमचा जखमी. १९९९ च्या मार्चमधे ख्रिस बर्डला पाचव्या राउंडमधे पाडलं, हाच बर्ड पुढे वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्याच उन्हाळ्यात लास वेगासला एका बाईवर हल्ल्याच्या केसमधे अटक. २०-० वर करिअर थांबलं. बायपोलरचं निदान झालं ते अटकेनंतर. "केवढा मोठा चॅम्पियन झाला असता" असं लिहायला पेन उचललं आणि आधी त्या मुलाचं आणि त्या बाईचं लिहिलं, त्यांचं नुकसान त्याच्या बेल्टपेक्षा मोठं आहे.

मायकल डोक्स पटकन उरकला. डिसेंबर १९८२ ला माइक वीव्हरला ६३ सेकंदांत हरवून चॅम्पियन, वर्षाच्या आत टायटल गेलं, तोही कोकेनचा.

जॉनी टॅपियाने मात्र माझा रकानाच चुकीचा ठरवला. तो ८ वर्षांचा असताना आईचं अपहरण करून खून झाला. मग ड्रग्ज, साडेतीन वर्षं बंदी, परत आला, १९९४ मधे टायटल, १९९७ ला आपल्याच अल्बुकर्कीच्या डॅनी रोमेरोला हरवलं, ती फाइट बघा, इतका हुशार आणि आनंदात दिसतो की विश्वास बसत नाही. २०१२ ला ४५ व्या वर्षी गेला. मी बिघाड रिंगमधे शोधत होतो आणि याचा बिघाड ग्लव्ह्ज घालायच्या आधीचा. म्हणून तो रकाना पेन्सिलने खोडला, आता तिथे "रिंगच्या बाहेर कोण होतं" लिहितोय, ट्रेनर, बायको, मॅनेजर, कुणीच नाही, जे असेल ते.

पुढच्या महिन्यात विल्फ्रेड बेनिटेझ, १७ व्या वर्षी चॅम्पियन झालेला. आणि प्रायर-अर्ग्वेयोचा १३ वा राउंड मी अर्ग्वेयोला १०-९ दिलाय, एकाच पंचसाठी दिला की काय असं अजून वाटतंय. आवाज बंद करून बघा आणि तुमचे मार्क सांगा.