मामांचं रेडिएशन
अन्ननलिकेचा कॅन्सर लवकर सापडणं हे नशीबच, कारण घास अडकायला लागेपर्यंत बहुतेकदा गाठ बरीच वाढलेली असते. आमच्या तासगावच्या मामांचा लवकर सापडला. फक्त आतल्या अस्तरापुरता असता तर दुर्बिणीतूनच काढला असता. पण तो थोडा खोल होता, आणि हृदय कमजोर म्हणून मोठं ऑपरेशन नको ठरलं. मग सांगलीत रेडिएशन, जोडीला केमो. एकूण ५०.४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), २८ भागांत, आठवड्यातून ५ दिवस.

"एकदाच का देत नाहीत?" मामींनी विचारलं. थोडा थोडा डोस दिला की निरोगी पेशी मधल्या वेळात सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही.

किरण नेमके कुठे द्यायचे त्यासाठी केलेल्या छातीवरच्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून मामी आंघोळीला स्वतः उभ्या राहायच्या. मशीनखाली काहीच दुखत नाही. दुखतं ते दोन-तीन आठवड्यांनी, गिळताना. भाकरी बंद झाली. नाचणीची पातळ पेज तेवढी उतरायची, तीही कोमट. या काळात वजन घटू देऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. नाकातून नळी घालायची वेळ आली तर घाबरू नका, ती काही दिवसांची सोय असते.

आणि घरात कुणी प्रत्येक घासाला पाणी पिऊन तो खाली ढकलत असेल, तर त्याला याच आठवड्यात दुर्बिणीच्या तपासणीला न्या.