मोठा टीव्ही घेताय? आधी सांगा, दिवसभर रिमोट कोणाच्या हातात असतो

सुदामानगर, राजेंद्रनगर, तिलकनगर... इंदूरमधल्या कुठल्याही मराठी घरात मोठा टीव्ही लागतो तो दिवाणखान्यात. सकाळी आजोबांच्या बातम्या, दुपारी मालिका, संध्याकाळी मुलांचं प्लेस्टेशन आणि रात्री जेवणं उरकली की सिनेमा. दीड-दोन लाख रुपये मोजले जातात ते शेवटच्या दोन गोष्टींसाठी, पण टीव्हीचे सगळ्यात जास्त तास खातात पहिल्या दोन. ओएलईडी घ्यायचा की मिनी एलईडी, हे ठरतं इथे. जेल रोडवरचा विक्रेता मात्र पहिला प्रश्न बजेटचा विचारतो.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. रुंद पडद्याच्या सिनेमात वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या भिंतीत मिसळून जातात, राखाडी दिसत नाहीत. माळव्यातली रात्र म्हणजे शब-ए-मालवा, तिची ख्याती जुनीच. सिनेमे खरोखर रात्री दहानंतर दिवे घालवून बघितले जात असतील तर ओएलईडीच घ्यावा.

अडचण पिक्सेलच्या झिजेची आहे. जो पिक्सेल जास्त जळतो तो लवकर मंदावतो. वृत्तवाहिनीची तळाची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह रोज सहा तास एकाच जागी उभं राहिलं, तर वर्षाला जवळजवळ २२०० तास त्याच पिक्सेलांवर पडतात. दोन-तीन वर्षांनी पडदा एकरंगी झाला की त्या पट्टीची सावली दिसू शकते. याला बर्न-इन म्हणतात आणि बहुतेक वॉरंटींच्या बारीक अक्षरांत ते वगळलेलं असतं. क्रिकेटचा धावफलक किंवा गेममधली आरोग्यपट्टी यांचा धोका त्यामानाने कमी, कारण वाहिनी बदलते, गेम बदलतो. बातम्या बदलत नाहीत.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. पिक्सेलांची झीज समतोल ठेवण्यासाठी ओएलईडी टीव्ही स्वतःची दुरुस्ती करत असतो, पण बंद असताना. साधारण चार तास वापर झाला की रिमोटने बंद केल्यावर काही मिनिटं हे काम आतल्या आत चालतं. आपल्याकडे झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करण्याची शिस्त आहे. ते बटण बंद झालं की दुरुस्ती होतच नाही, आणि महिनोन्‌महिने होत नाही. तेव्हा ओएलईडी घेतलात तर त्याचं बटण कायम चालू राहील, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वाटल्यास बटणावर चिकटपट्टी लावा. स्टँडबायला वीज लागते ती अर्ध्या वॅटच्या आसपास, बिलात दिसणारही नाही. वीज गेल्याने चुकलेली एखादी खेप टीव्ही पुढच्या वेळी भरून काढतो. रोजचीच खेप चुकली तर मात्र नाही.

मिनी एलईडी हा मुळात एलसीडीच. फरक इतकाच की पाठीमागे हजारो बारीक दिवे असतात आणि त्यांचे शेकडो, महागड्या मॉडेलात हजाराहून जास्त, गट वेगवेगळे मंद-प्रखर होतात. मे महिन्यात दुपारी खिडकी उघडी ठेवूनही चित्र स्वच्छ दिसतं आणि बातम्यांच्या पट्टीची भीती नाही. शिवाय ६५ इंची ओएलईडीच्या पैशांत ७५ इंची मिनी एलईडी येऊ शकतो. उणी बाजू दोन. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी सबटायटल्स आली की त्यांच्याभोवती धुरकट वलय दिसतं, कारण दिव्यांचा गट अक्षरापेक्षा मोठा असतो. आणि यातले बरेच टीव्ही व्हीए पॅनेलचे असतात: समोरून उत्तम, पण सोफ्याच्या कडेला बसलेल्याला रंग फिके दिसतात. पाहुण्यांनी भरलेल्या घरात हे लगेच जाणवतं.

ओएलईडीतही दोन जाती आहेत: क्यूडी-ओएलईडी आणि डब्ल्यू-ओएलईडी. क्यूडी-ओएलईडीचे रंग जास्त भरदार, पण त्यात ध्रुवक थर (बाहेरून पडणारा उजेड शोषणारा पोलरायझर) नसतो, त्यामुळे उजेडाच्या खोलीत काळा रंग किंचित जांभळट-करडा होतो. दिवसा खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल तर डब्ल्यू-ओएलईडी बरा. अंधारात क्यूडी.

माझं मत विचाराल तर सगळ्यात स्वस्त तोडगा वेगळाच आहे: जुना ४३ इंची टीव्ही विकू नका. तीन-चार हजारांत जाणारा तो टीव्ही आतल्या खोलीत बातम्यांसाठी लावा आणि दिवाणखान्यात निर्धास्तपणे ओएलईडी आणा. हे जमत नसेल, एकच टीव्ही आणि त्यावर दिवसभर बातम्या असतील, तर मिनी एलईडी. त्यात कमीपणा काही नाही.

आकाराचं गणित सोपं आहे. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून नाही, डोक्यापासून. सिनेमासाठी पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर चांगलं. ६५ इंच म्हणजे १६५ सेंमी, म्हणून साडेसहा ते पावणेनऊ फूट. ७७ इंच म्हणजे १९६ सेंमी, म्हणून पावणेआठ ते सव्वादहा फूट. आपल्या घरांत सोफा हमखास समोरच्या भिंतीला टेकलेला असतो आणि अंतर दहा-अकरा फूट निघतं. तिथे ६५ इंची लहान पडतो, दुकानात कितीही अवाढव्य वाटला तरी. त्यात रुंद पडद्याचा सिनेमा ६५ इंचीवर उंचीने जेमतेम ६० सेंमी उरतो, बाकी काळ्या पट्ट्या. एकतर सोफा दोन फूट पुढे घ्या (हे फुकट आहे) किंवा ७५-७७ इंचाकडे जा.

मग जिना मोजा. ८५ इंची टीव्हीचा खोका दोन मीटरहून लांब असतो. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये तो सहसा उभाही मावत नाही आणि तिरकाही नाही. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांतले अरुंद, मध्येच वळणारे जिने तर विचारूच नका. ओएलईडीचं पॅनेल काचेच्या पातळ पत्र्यासारखं असतं. ते आडवं झोपवून नेलं की वाकतं आणि तडा जाऊ शकतो. वळणावर आडवं करावं लागणार असेल तर एक आकार कमी घ्या.

भिंतीचंही बघून घ्या. ६५ इंची ओएलईडी साधारण १७ ते २५ किलोंचा, ८५ इंची मिनी एलईडी ४० किलोंच्या आसपास. नव्या इमारतींत आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात. त्यात साधी प्लॅस्टिक गट्टी काही महिन्यांत सैल होते. केमिकल अँकर भरून घ्या. जुन्या चुन्या-मातीच्या विटांच्या भिंतीत सांध्यात भोक पाडू नका, विटेच्या मध्यावर पाडा. नाहीतर सरळ मजबूत टेबलावर ठेवा. उंचीबाबत एकच नियम: बसल्यावर डोळे जमिनीपासून सुमारे १०० ते १०५ सेंमीवर येतात, पडद्याचा मध्य तिथे यावा. ६५ इंचीची खालची कड म्हणजे ६०-६५ सेंमीवर. देवघराच्या उंचीला टांगलेले टीव्ही मान दुखवतात आणि व्हीए पॅनेल असेल तर रंगही बिघडवतात. चारही बाजूंनी १० सेंमी मोकळी जागा सोडा. बहुतेक टीव्हींची चालण्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस आणि इंदूरचा मे महिना त्या घरात जातोच.

आता गेमिंग. जास्तीत जास्त पैसे वाया जातात ते याच खात्यात.

खोक्यावर '४के १२० हर्ट्झ' (म्हणजे सेकंदाला १२० चित्रं) लिहिलंय म्हणून चारही पोर्ट तसे आहेत असं समजू नका. पुष्कळ टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट एचडीएमआय २.१चे, म्हणजे ४के १२० हर्ट्झ झेपणारे असतात, आणि त्यातलाच एक साउंडबारला आवाज पाठवणारा ईएआरसी पोर्ट. सोनीच्या बऱ्याच ब्राव्हिया अशाच आहेत. म्हणजे साउंडबार लावला की १२० हर्ट्झसाठी एकच पोर्ट उरला. प्लेस्टेशन ५ आणि गेमिंग कॉम्प्युटर दोन्ही असतील तर रोज केबल बदलत बसा. एलजीची सी मालिका आणि सॅमसंगची एस९० यांत चारही पोर्ट २.१चे आहेत. गेमिंग हेच मुख्य कारण असेल तर मी तिथून सुरुवात करीन. 'मोशन रेट २४०' वगैरे आकड्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करा. विचारायचं एवढंच: पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग, किती? काही ६० हर्ट्झचे टीव्ही उभं रेझोल्युशन अर्धं करून १२० दाखवतात, तेही १२० म्हणूनच विकले जातात.

घरी आणल्यावर प्लेस्टेशन ६० हर्ट्झवरच अडलं, तर बहुतेक वेळा टीव्हीच्या त्या पोर्टचा पूर्ण वेग सेटिंगमध्ये बंद असतो. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट': ही सेटिंग प्रत्येक पोर्टसाठी वेगळी चालू करावी लागते. मग कन्सोलच्या 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' पानावर १२० हर्ट्झ दिसतोय का ते तपासा. चित्र क्षणभर काळं होत असेल किंवा चमकणारे ठिपके येत असतील तर दोष केबलचा. प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेलीच केबल वापरा. लांब हवी असेल तर 'अल्ट्रा हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल बघून घ्या. तांब्याची केबल तीन मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे ऑप्टिकल केबल घ्या, पण तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक कन्सोलला लावायचं. उलटं लावलं की चित्रच येत नाही आणि लोक केबल परत करून मोकळे होतात.

प्लेस्टेशन ५चा व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय) ४८ ते १२० हर्ट्झमध्येच चालतो. गेम त्याखाली घसरला की झटके बसणारच, तो टीव्हीचा दोष नव्हे. ओएलईडीवर व्हीआरआर चालू असताना अंधाऱ्या दृश्यांत, विशेषतः लोडिंगच्या पडद्यावर, उजेड किंचित लुकलुकतो. पिक्सेलांची जुळवणी १२० हर्ट्झला धरून केलेली असते, रेट वर-खाली झाला की छटा हलते. फारच खुपलं तर त्या गेमपुरता व्हीआरआर बंद करा. गेम मोड मात्र चालू हवाच, नाहीतर बटण दाबणं आणि उडी मारणं यात शंभर मिलिसेकंदांचाही फरक पडू शकतो. गेम मोडमध्ये तो चांगल्या टीव्हीवर दहाच्या आसपास येतो. एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) जुळवताना आधी टीव्हीत एचजीआयजी, म्हणजे उजेडाचा हिशेब कन्सोलवर सोडणारी सेटिंग, निवडा आणि मगच कन्सोलमधलं एचडीआर समायोजन करा. क्रम उलटला तर ढग पांढरेफटक होतात.

सिनेमासाठी सेटिंग कमी लागतात. 'फिल्ममेकर मोड' लावा, मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणं) बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवता येतं, ६० वर ते तीन-दोन-तीन-दोन असं अडखळतं. ओएलईडीवर कॅमेरा आडवा फिरताना थोडी कापरी हालचाल दिसते, कारण पिक्सेल झटकन बदलतो आणि डोळ्याला आधाराचा पुसटपणा मिळत नाही. ती कमी करणारी 'डी-जडर' सेटिंग दोन किंवा तीनवर ठेवा, त्यापुढे गेलात की सिनेमाची मालिका होते. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार एलजी आणि सोनीत आहे, सॅमसंगमध्ये नाही, तिथे एचडीआर१०+. यावरून टीव्ही ठरवू नये असं माझं मत. पॅनेल चांगलं असेल तर साधा एचडीआर१०ही देखणा दिसतो.

नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. पण घरातल्या हार्ड डिस्कवरून मोठ्या फाइल्स नेटवर्कवर चालवणार असाल तर टीव्हीच्या लॅन पोर्टवर अडकाल: तो बहुतेक टीव्हींत १०० एमबीपीएसचाच असतो. अशा वेळी पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय जास्त वेगवान ठरतो. उलटंच वाटतं, पण तसं आहे.

स्टॅबिलायझरची गरज नाही; टीव्हीचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट पचवतो. भीती आहे ती न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटण्याची. जुन्या वस्त्यांत खांबावरचा न्यूट्रल सैल झाला की सॉकेटवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज कटऑफ आणि घराला खरं अर्थिंग हवं. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की डिशची वायर आधी काढा. वीज अनेकदा तिथूनच आत येते आणि एचडीएमआय पोर्ट जाळून जाते.

किमतीबद्दल थोडक्यात: २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराशी तुलना करून 'सूट' सांगणाऱ्याला हिशेब मागा. नवी मॉडेल आली की मागच्या वर्षीचा ओएलईडी स्वस्त होतो आणि बहुधा तेवढाच चांगला असतो.

दुकानात पेन ड्राइव्ह न्या. त्यात पाच टक्के करड्या रंगाचं एक चित्र, पन्नास टक्क्यांचं दुसरं, आणि काळ्यावर बारीक पांढरे ठिपके असलेलं तिसरं. टीव्ही डेमोमधून काढून 'होम'मध्ये टाकायला सांगा. पाच टक्क्यांवर उभे पट्टे, पन्नासवर डाग आणि तिसऱ्यावर वलय दिसतं. मात्र दुकानातला नग आणि घरी येणारा नग वेगळा, म्हणून हीच परीक्षा घरी पहिल्या दिवशी पुन्हा करा. ओएलईडीवरचे हलके उभे पट्टे पहिल्या काही आठवड्यांच्या वापरात पुष्कळदा फिके होतात. मेलेला पिक्सेल किंवा रंगीत धब्बा मात्र जात नाही, त्याचा फोटो काढून त्याच दिवशी तक्रार नोंदवा. आणि खोका, त्यातल्या थर्माकोलसकट, महिनाभर तरी पोटमाळ्यावर ठेवा. बदली मंजूर झाली तरी बिनखोक्याचं पॅनेल न्यायला डिलिव्हरीवाला सहसा तयार होत नाही.